किल्ल्यावरच्या मशाली : बॅटरी, मायक्रोकंट्रोलर आणि रंगीत एलईडी

गडवाटा
नमस्कार मंडळी. दिवाळीला अवकाश आहे, पण सामान मागवायचं तर आत्ताच ठरवलेलं बरं. आमच्या सोसायटीतली पोरं यंदा राजगड करणार आहेत. कंपाउंडच्या मागच्या भिंतीलगत ऐसपैस जागा मिळाली आहे, त्यामुळे तिन्ही माच्या, बालेकिल्ला, पाली दरवाजा, सुवेळा माचीचं नेढं (खडकातलं आरपार भोक), सगळं हवं असा हट्ट आहे. आणि तटावर मशाली. नुसत्या पेटलेल्या नाहीत, थरथरणाऱ्या. अंधार पडला की पाली दरवाज्यापासून एकेक मशाल पेटत बालेकिल्ल्यापर्यंत जाणार, आणि नेढ्यामागे चांदण्यासारखा एक निळसर दिवा.

त्या कोपऱ्यात प्लग नाही. तळमजल्यावरून वायर ओढायची तर ती गाड्यांखालून जाणार, शिवाय अळीव उगवायला रोज पाणी मारायचं, म्हणजे २३० व्होल्टचं नावच नको. म्हणून बॅटरी.

बेत असा : घरात पडून असलेला आर्डुइनो ऊनो (मायक्रोकंट्रोलरचा बोर्ड), डब्ल्यूएस२८१२बी जातीचे २४ एलईडी (प्रत्येकाचा रंग कोडमधून ठरवता येतो असे), २६०० एमएएचचा (मिलिअँपिअर-तास) एक १८६५० आकाराचा लिथियम सेल, टीपी४०५६ चार्जर, आणि ३.७ चे ५ व्होल्ट करायला एमटी३६०८ बूस्ट मॉड्यूल. रोज सात ते अकरा असे चार तास. वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत सेलला हात लावावा लागू नये अशी इच्छा आहे. एक सेल पुरेल की दोन लावू?

उगाचच
मातीच्या पणत्या लावा, तेल घाला, वात घाला. थरथर फुकट मिळते. मायक्रोकंट्रोलर कशाला?

गडवाटा
उगाचच, खालून वर क्रमाने आपोआप पेटणाऱ्या पणत्या कुठे मिळतात तेवढं सांगा. शिवाय गवत, पुठ्ठ्याचे वाडे आणि सहा-सात वर्षांची पोरं, असा सगळा मामला आहे.

मिलिअँपिअर
एक की दोन हे नंतर बघू. आधी तुमच्याच सामानाचा हिशोब मांडतो, मग पुढे बोलू.

० ते २५५ च्या मापात मशालीचा नारिंगी म्हणजे लाल २५५, हिरवा ९० च्या आसपास, निळा शून्य. या एलईडीत प्रत्येक रंग पूर्ण पेटला की २० मिलिअँपिअरच्या आसपास खातो. (नव्या काही प्रकारांत १२ च आहे, हातात आले की मोजा.) म्हणजे एक मशाल २७, चोवीस मशाली साडेसहाशे. एवढा उजेड किल्ल्याला नकोच, डोळे दिपतील. ब्राइटनेस पाववर आणला तर १६० मिलिअँपिअर. हा झाला उजेडाचा खर्च, आणि तुम्ही बहुतेक एवढाच धरलाय.

आता न दिसणारा खर्च. प्रत्येक एलईडीच्या पोटात एक छोटी चिप असते. एलईडी काळा असला, म्हणजे तिन्ही रंग शून्य असले, तरी ती चिप जागी असते आणि साधारण १ मिलिअँपिअर खात राहते. चोवीस विझलेल्या मशालींचे झाले २४. त्यात तुमचा ऊनो. त्यावर यूएसबीची वेगळी चिप आहे, रेग्युलेटर आहे, ऑनचा दिवा आहे. काही काम न करता तो ४५ ते ५० खातो, आणि मुख्य चिपला झोपवलं तरी बाकीचं बिऱ्हाड जागंच.

म्हणजे संध्याकाळी १६० + २४ + ५० = २३५ च्या घरात, आणि दिवसभर सगळं अंधारात असताना ७४.

हे सगळं ५ व्होल्टला. सेल ३.७ चा. बूस्ट मॉड्यूल हवेतून वीज आणत नाही. ५ व्होल्टला १०० मिलिअँपिअर द्यायचे तर सेलमधून १३५ ओढणार, वर स्वतःची दस्तुरी घेणार. ८८ टक्के कार्यक्षमता धरली तर दीडपट. म्हणून सेलमधून संध्याकाळी ३६०, दिवसा ११४.

चार तासांची संध्याकाळ : १४४० एमएएच.
बाकीचे वीस तास : जवळजवळ २३०० एमएएच.

म्हणजे मशाली पेटवायला जेवढी बॅटरी लागते त्याहून जास्त त्या विझलेल्या ठेवायला लागते. पहिली संध्याकाळ झकास जाईल. दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळी आंघोळ आटोपून फराळाला बसतील तेव्हा सेल रिकामा झालेला असेल. दोन सेल लावले तर जेमतेम दुसरी संध्याकाळ. चार लावले तरी भाऊबीज गाठत नाही.

गडवाटा
बापरे. विझलेल्या एलईडीचं मला ठाऊकच नव्हतं. मग काय बदलू?

शून्य_व्होल्ट
दोन गोष्टी घरी ठेवायच्या : ऊनो आणि बूस्ट.

ऊनोऐवजी प्रो मिनी घ्या, ३.३ व्होल्ट ८ मेगाहर्ट्झवाला. चिप तीच, एटीमेगा३२८पी. त्यावर यूएसबी नाही, त्यामुळे प्रोग्राम चढवायला वेगळा यूएसबी-सिरियल अडॅप्टर लागतो, तेवढी एकदाची कटकट. त्यावरचा पॉवरचा दिवा सोल्डरिंग गनने उडवा. रेग्युलेटरचीही गरज नाही, सेल सरळ व्हीसीसीच्या (चिपच्या पुरवठ्याच्या) पायाला जोडायचा. चिप ५.५ व्होल्टपर्यंत सहन करते, भरलेला सेल ४.२ चा. अशा बोर्डला झोपवलं की वॉचडॉग (चिपला ठरावीक वेळाने उठवणारं आतलं घड्याळ) चालू ठेवूनही दहा मायक्रोअँपिअरच्या आत राहतो. मिलि नाही, मायक्रो.

८ मेगाहर्ट्झच का, तर डेटाशीटप्रमाणे ही चिप १० मेगाहर्ट्झपर्यंत २.७ व्होल्टलाही चालते. १६ मेगाहर्ट्झला मात्र पावणेचार व्होल्टच्या वर पाहिजे, म्हणजे सेल अर्धा उतरला की तुम्ही कागदावर नियमाबाहेर. बहुतेक वेळा चालून जातं, पण तटावरच्या चोवीस दिव्यांसमोर उभं राहून 'का चालत नाही' हे शोधण्यापेक्षा ८ बरं.

आता एलईडी. डब्ल्यूएस२८१२बी ३.५ ते ५.३ व्होल्टला चालतो. तोही थेट सेलवरच लावा. त्याच्या आत करंट ठरवून देणारी व्यवस्था असते, त्यामुळे ५ व्होल्ट दिले काय आणि ४ दिले काय, लाल रंग जवळजवळ तेवढेच मिलिअँपिअर घेतो. जास्तीचे व्होल्ट चिपच्या पोटात उष्णता होऊन जातात. म्हणजे तुम्ही बूस्ट लावून, दस्तुरी देऊन व्होल्ट वाढवणार आणि एलईडी ते जाळून टाकणार.

शिवाय डेटाची कटकटही संपते. या एलईडीला डेटाच्या तारेवरचे व्होल्ट त्याच्या पुरवठ्याच्या ०.७ पट तरी हवे असतात. दोघंही एकाच सेलवर असले की दोघं बरोबरच उतरतात आणि प्रमाण टिकतं.

मिलिअँपिअर
बरोबर. मग हिशोब असा : १६० + २४ + बोर्डाचे चार-पाच, म्हणजे १९० मिलिअँपिअर, सरळ सेलमधून. चार तासांचे ७६० एमएएच. आधी १४४० होते.

पण शून्य_व्होल्ट, दिवसाचे २४ अजून तसेच आहेत. वीस तासांचे ४८० एमएएच होतात.

शून्य_व्होल्ट
तेच लिहीत होतो, तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली.

एलईडींचा पुरवठाच तोडायचा. एक पी-चॅनल मॉस्फेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक खटका (एओ३४०१ चालेल), सेलचा प्लस आणि एलईडींचा प्लस यांच्यामध्ये. त्याच्या गेटला (खटका चालवणाऱ्या पायाला) १०० किलोओहमचा रोध प्लसकडे, आणि गेट प्रो मिनीच्या एका पायाला. पाय लो केला की मशालींना वीज, हाय केला की बंद. बोर्ड झोपला तरी पाय त्याच अवस्थेत राहतो.

एन-चॅनल घेऊन मायनस तोडायचा मोह होईल, कारण ते मॉस्फेट घरोघरी पडलेले असतात. करू नका. मायनस तोडला की एलईडी डेटाच्या तारेतून मायनस शोधतात आणि अर्धवट जागे राहतात. प्लस तोडतानाही हेच उलट होऊ शकतं : डेटाचा पाय हाय राहिला तर एलईडी त्यातून वीज पितात. म्हणून पुरवठा तोडण्याआधी डेटाचा पाय लो करायचा.

एओ३४०१ तांदळाच्या दाण्याएवढा असतो. सोल्डरिंगचा हात बसलेला नसेल तर एक साधा खटका सगळ्याच्या आधी टाका आणि विषय संपवा. किल्लेदाराने रोज संध्याकाळी स्वतः खटका दाबण्यात पोरांना जास्त मजा येते असं माझं मत आहे.

रानजाई
खटक्याला माझं अनुमोदन. एक भाबडा प्रश्न : त्या फडफडणाऱ्या टी-लाइट मिळतात ना, आत बटन सेल असलेल्या, त्या फोडून बसवल्या तर?

मिलिअँपिअर
ताई, भाबडा नाही, चांगला प्रश्न आहे. त्यातल्या एलईडीतच फडफडीची चिप असते. पाच-सहा मशाली हव्या असत्या तर मी तेच सांगितलं असतं. पण सीआर२०३२ सेल सव्वादोनशे एमएएचच्या आसपासचा, चोवीस मशालींना चोवीस सेल, रोज संध्याकाळी चोवीस खटके, आणि मग वापरलेल्या सेलांचा ढीग. शिवाय क्रमाने पेटणं नाही. घरात लहान मूल असेल तर बटन सेल सुटे ठेवायचेच नाहीत, गिळले तर अन्ननलिका भाजते.

तपकीरगल्ली
खरेदीबद्दल दोन शब्द. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, तिथे हे सगळं मिळतं. ऑनलाइनही मिळतं. पण १८६५० बघून घ्या. या आकाराच्या खऱ्या सेलची क्षमता सहसा ३५००-३६०० एमएएचच्या फार वर जात नाही. वेष्टनावर ५८००, ९९०० असं छापलेलं दिसलं की हात मागे घ्या. वजन करा, चांगला सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो. लोणच्याच्या फोडीसारखा हलका लागला तर आत काय आहे ते देवालाच ठाऊक.

टीपी४०५६ चे दोन प्रकार येतात. एकावर फक्त बी प्लस, बी मायनस असतं. दुसऱ्यावर आऊट प्लस, आऊट मायनसही असतं, त्यात सेलच्या संरक्षणाची चिप असते. दुसराच घ्या.

शून्य_व्होल्ट
आणि त्या संरक्षणावर विसंबू नका. त्यातली डीडब्ल्यू०१ सेल २.४ व्होल्टला आला की तोडते. तो शेवटचा उपाय आहे, रोजचा नाही. रोज सेल ३.४-३.५ ला थांबवा. एटीमेगा३२८पीमध्ये बाहेरून काही न जोडता स्वतःचा पुरवठा मोजता येतो : आतला १.१ व्होल्टचा संदर्भ व्हीसीसीच्या तुलनेत वाचायचा आणि उलटा भागाकार. थोडा इकडेतिकडे असतो, मल्टिमीटरशी एकदा जुळवून घ्या.

चार्जिंग चालू असताना मशाली पेटवू नका. टीपी४०५६ चार्जिंगचा करंट एक दशांशावर आला की 'भरला' म्हणतो. त्याच वेळी मशाली करंट ओढत असतील तर त्याला सेल भरलाय हे कळतच नाही.

चकमक
इथे सगळे मिलिअँपिअर मोजतायत, ज्योतीकडे कुणाचं लक्ष नाही. :)

बहुतेक लोक थरथर अशी करतात : दर वेळी प्रत्येक एलईडीला एक रँडम ब्राइटनेस. ते ज्योतीसारखं दिसत नाही, जुन्या ट्यूबचा स्टार्टर गेल्यासारखं दिसतं. ज्योत आधीच्या जागेपासून फार लांब उडी मारत नाही. म्हणून प्रत्येक मशालीची चालू पातळी लक्षात ठेवायची आणि दर वेळी तिच्यात थोडं अधिक-उणं करायचं, शिवाय मधल्या पातळीकडे हलकेच ओढायचं. पातळी खाली आली की हिरवा लालपेक्षा थोडा जास्त कमी करा. ज्योत दबली की ती लालसर होते, हे डोळ्याला नकळत कळतं.

आणि वारा! हे करूनच बघा. दर दहा-वीस सेकंदांनी एक झुळूक सोडायची : संजीवनी माचीच्या टोकाकडून सुरू करून एकेक मशाल क्षणभर दबते आणि सावरते, पुढची, पुढची, बालेकिल्ल्यापर्यंत. चोवीस दिवे एकाच डोंगरावर आहेत असं तेव्हाच वाटतं.

सेकंदाला पंचवीस वेळा बदललं तरी पुष्कळ. एका एलईडीला डेटा पाठवायला ३० मायक्रोसेकंद लागतात, चोवीसला पाऊण मिलिसेकंद. मेमरी प्रत्येकी तीन बाइट. बाकी वेळ चिप रिकामीच असते, त्यात तिला डुलकी घेऊ द्या.

गडवाटा
चकमक, झुळूक पक्की! एक विचारतो : बॅटरी वाचवायला ब्राइटनेस पावच्याही खाली, दहाव्या भागावर आणला तर?

चकमक
तिथे ज्योत मरते. प्रत्येक रंगाला २५६ च पायऱ्या आहेत. २५५ आणि ९० चा दहावा भाग म्हणजे २५ आणि ९. त्यात थरथर बसवली की हिरवा ९, ८, ७ असा टप्प्याटप्प्याने उतरताना दिसतो, आणि दर टप्प्याला रंगही बदलतो. कारण डोळ्याला मंद उजेडातला फरक फार कळतो. २५० आणि २४० मध्ये काही कळत नाही, पण ६ आणि ५ मधला फरक खोलीच्या त्या टोकाहून दिसतो.

फास्टएलईडी लायब्ररीत (एलईडी चालवायचा तयार कोड) दोन टप्प्यांमध्ये भराभर अदलाबदल करून मधला भास करायची सोय आहे, पण त्यासाठी सारखा डेटा पाठवत राहावं लागतं, मग डुलकी नाही. त्यापेक्षा मशाली कमी करा. चोवीसच्या सोळा केल्या तर कुणाला कळणार नाही. राजगडाच्या तटावर दर हातभर अंतरावर मशाल असायची का?

मिलिअँपिअर
सोळा मशालींना १०७ + १६ + ५, म्हणजे १३० च्या आत. चार तासांचे ५२०. सेलमधले २२०० वापरायला मिळतात असं धरलं (३.५ च्या खाली जायचं नाही म्हणून) तर चार संध्याकाळी निघतात. पुढच्या संध्याकाळींसाठी तसाच दुसरा सेल समांतर लावा, मग चोवीस मशालींनाही पाच संध्याकाळी मिळतील. समांतर लावताना दोन्ही एकाच जातीचे, एकाच वयाचे, आणि जोडण्याआधी दोघांचे व्होल्ट सारखे पाहिजेत. एक ४.२ चा आणि एक ३.५ चा असे जोडले तर भरलेला रिकाम्यात धाडकन करंट ओततो.

आणखी एक : फास्टएलईडीमध्ये कमाल मिलिअँपिअर ठरवून देणारी एक ओळ आहे. ती टाका. एखाद्या पोराने कोडमध्ये सगळं पांढरं केलं तरी लायब्ररी ब्राइटनेस आपोआप खाली आणते. चोवीस एलईडी पूर्ण पांढरे म्हणजे १४४० मिलिअँपिअर.

निळीशाई
नेढ्यामागच्या निळ्या दिव्याबद्दल कुणी बोललं नाही. निळ्या एलईडीला स्वतःलाच ३ ते ३.४ व्होल्ट लागतात, लालला २ च्या आसपास. सेल थेट जोडलाय, त्यामुळे सेल उतरू लागला की सगळ्यात आधी चांदणं विझणार. मग मशालींतला हिरवा दबणार आणि मशाली तांबूस होत जाणार. लाल सगळ्यात शेवटी.

शून्य_व्होल्ट
हा, आणि मला तो दोष वाटत नाही. मशाली तांबड्या पडायला लागल्या की सेल बदला, वेगळा बॅटरी दर्शवणारा दिवा नको. चांदण्याचं अगदीच वाईट वाटत असेल तर तिथे निळा कमी, हिरवा थोडा आणि लालचा शिडकावा असा मंद पांढरट करा. निव्वळ निळा तसाही डीजेच्या गाडीसारखा दिसतो.

उगाचच
डीजेच्या गाडीवरून आठवलं. गेल्या वर्षी एका किल्ल्यावर जांभळ्या-हिरव्या पट्ट्या पळताना पाहिल्या. खाली पाटी 'रायगड'. राजगडाचं तसं करू नका एवढीच विनंती. इंद्रधनुष्याचा नमुना लायब्ररीत तयार मिळतो म्हणून तो लावलाच पाहिजे असं नाही.

गडवाटा
उगाचच, या धाग्यावरचा तुमचा पहिला उपयोगी प्रतिसाद! नारिंगी सोडून दुसरा रंग नाही, चांदणं वगळता.

आडवाट
पाण्याचं काय? मी बुलेट पिक्सेलची माळ वापरली होती, १२ मिलिमीटरचे गोल, रबरात बुजवलेले. पाणी मारलं तरी काही होत नाही, मातीत खोचायलाही सोपे. फक्त पहिल्यांदा लावल्यावर सगळ्या मशाली हिरव्यागार.

चकमक
हाहा. त्या माळांत बहुधा डब्ल्यूएस२८११ चिप असते आणि तिचा क्रम लाल-हिरवा-निळा. डब्ल्यूएस२८१२बीचा हिरवा-लाल-निळा. कोडमधला क्रम बदलला की झालं.

पण गडवाटा, तुम्ही थेट सेलवर चालवणार असाल तर ती माळ ५ व्होल्टची म्हणून विकतात. घेण्याआधी एक तुकडा ३.६ व्होल्टला चालवून बघा. नाहीतर डब्ल्यूएस२८१२बीचे सुटे गोल बोर्ड मिळतात, शर्टाच्या बटणाएवढे, कपॅसिटर आधीच बसवलेला. तारांनी जोडत जायचं. प्रत्येकाच्या मागचे सोल्डरचे टाके ग्लू गनने पूर्ण बुजवा. पुढून एलईडीवर ग्लूच्या कांडीचा अर्धा इंच तुकडा उभा चिकटवा. ती दुधी कांडी आतून उजळते आणि लांबून अस्सल मशाल दिसते. कांडीचं टोक लायटरने जरा ओघळवलं तर आणखी छान.

शून्य_व्होल्ट
बोर्डापासून पहिल्या एलईडीपर्यंतच्या डेटाच्या तारेत ३३० ते ४७० ओहमचा एक रोध, पहिल्या एलईडीजवळ. एलईडींच्या प्लस-मायनसमध्ये ४७० ते १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, मॉस्फेटच्या एलईडीकडच्या बाजूला. आणि बोर्डांवरच्या बाणाची दिशा बघा. डेटा एकाच बाजूने जातो. निम्म्या तक्रारी उलट्या लावलेल्या एका बोर्डाच्या असतात : तिथवर मशाली पेटतात, पुढे अंधार.

रानजाई
मी वाचनखूण साठवली. पण एक सांगा, एवढं सगळं करून शेवटच्या दिवशी पोरं किल्ल्यात सुतळी बॉम्ब लावून तो उडवणार, तेव्हा सेल आत असला तर?

तपकीरगल्ली
ताईंनी लाखातलं विचारलं. लिथियम सेल मातीत गाडायचाच नाही. भोक पडला किंवा चेपला तर तो पेट घेतो आणि पाण्याने सहज विझत नाही. सेल, चार्जर आणि प्रो मिनी एका झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, डबा किल्ल्याच्या मागे भिंतीकडे, जमिनीपासून विटेवर. किल्ल्यात फक्त तीन तारा जाणार : प्लस, मायनस, डेटा. त्यांना मध्ये एक तीन पायांचा जेएसटी कनेक्टर लावा. बॉम्बचा दिवस आला की कनेक्टर ओढायचा, मशाली उपटायच्या, डबा घरी.

सेलवर थेट सोल्डर करू नका, होल्डर वापरा. सेलच्या प्लसजवळ एक अँपिअरचा फ्यूज टाकला तर दहा-वीस रुपयांत झोप शांत लागते.

टोरांटोकर
आमच्याकडे दिवाळीला रात्री पारा शून्याच्या आसपास असतो. किल्ला गराजच्या दारात. थंडीत सेल कमी देतो, ते एक वेळ चालतं, पण शून्य अंशाच्या खाली लिथियम आयन सेल चार्ज करायचा नसतो, आत धातूचा लिथियम साठतो आणि सेल कायमचा बिघडतो. म्हणून डबा रोज घरात आणतो, खोलीच्या तापमानाला आला की मगच चार्जर. इथल्या मराठी वाचकांसाठी लिहून ठेवलं. अळीव मात्र इथे बाहेर उगवत नाही, हिरवा भुसा टाकतो.

गडवाटा
सर्वांचे आभार. पहिल्या हप्त्याचं सामान आलं. प्रो मिनी, बारा गोल बोर्ड, एओ३४०१ (खरंच तांदळाचा दाणा, चिमट्यातून एक उडाला तो अजून सापडला नाही). टेबलावर जोडून मोजलं. झोपेत सगळं मिळून मीटरवर ९ मायक्रोअँपिअर. पेटल्यावर बारा मशालींना पाव ब्राइटनेसला ८८ मिलिअँपिअर, म्हणजे मिलिअँपिअरांच्या हिशोबापेक्षा थोडं कमीच.

झुळूक दाखवल्यावर धाकट्याने पंखा बंद करून बघितला, खऱ्याच वाऱ्याने हलतायत का म्हणून.

आता प्रश्न मशालींच्या जागांचा. बालेकिल्ल्याला तीन, पाली दरवाज्याला दोन, पद्मावती माचीवर देवळापाशी आणि तळ्यापाशी मिळून चार. संजीवनीला आणि सुवेळाला किती?

आडवाट
संजीवनीची तटबंदी दुहेरी आहे, चिलखती बुरूज आहेत. तिथे बाहेरच्या तटावर मशाली ठेवल्या तर आतल्या तटावर सावली छान पडेल. सहा तरी द्या. सुवेळाला चार, आणि नेढ्यापाशी मशाल ठेवू नका, चांदणं झाकोळेल.

मिलिअँपिअर
३ + २ + ४ + ६ + ४ म्हणजे एकोणीस, आणि चांदणं वेगळं. संध्याकाळचे दीडशेच्या आसपास, चार तासांचे ६००. दोन सेल लावा आणि निवांत रहा.

निळीशाई
दिवाळी झाल्यावर ते सेल वर्षभर कसे ठेवायचे तेही सांगून टाका कुणीतरी. माझे गेल्या वेळचे होल्डरमध्येच राहिले आणि गणपतीत काढले तर १.८ व्होल्ट.

शून्य_व्होल्ट
१.८ ला पोचलेला सेल पुन्हा चार्ज करू नका, बाद समजा. कचऱ्याच्या गाडीत टाकू नका, टोकांना चिकटपट्टी लावून ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.

ठेवायचे असतील तर पूर्ण भरून नाही आणि रिकामे करूनही नाही. ३.७ ते ३.८ व्होल्टला आणा, होल्डरमधून बाहेर काढा (संरक्षणाची चिपही थोडं थोडं खात असते), प्लास्टिकच्या डबीत एकमेकांना टोकं लागणार नाहीत असे, घरातल्या थंड कपाटात. मधे कधीतरी मीटर लावून बघा, ३.५ च्या खाली गेला असेल तर थोडा वर आणून परत ठेवा.